कोजागिरीला झोपलेलं सोलापूर

महानंदा बिराजदारनं दंड उघडा करायला साफ नकार दिला.

शाळेच्या स्टाफरूममध्ये विमावाल्यांची नर्स पेटी उघडून बसली होती. गणिताच्या, मराठीच्या, पी.टी.च्यासुद्धा शिक्षकांनी बाह्या वर करून नखाएवढी, कातडीच्या रंगाची चालपट्टी दंडावर चिकटवून घेतली होती. पी.टी.चे सर तर दोन मिळतील का म्हणून विचारून गेले. भूगोलाच्या बिराजदार बाई तेवढ्या राहिल्या.

"दुखत नाही, मॅडम," नर्स म्हणाली.

"दुखण्याचं काय नाही. मी चालत येते."

"म्हणूनच तर. आता चालायला नको."

"पण मला चालायचंय."

नर्सनं मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. मुख्याध्यापिकांनी पंख्याकडे पाहिलं. ही पट्टी ज्यानं शोधून काढली तो डॉ. चन्नवीर बिराजदार या बाईंचा सख्खा धाकटा भाऊ होता, आणि घरचंच माणूस नको म्हणतंय म्हटल्यावर नर्सला काय समजवायचं हे त्यांना सुचेना.

"विमा बंद होईल हो बाई," शेवटी त्या म्हणाल्या.

"होऊ दे की."

बाईंनी छत्री उचलली आणि त्या आठवीच्या वर्गावर गेल्या. पन्नाशी उलटलेल्या या बाई साखर पेठेतून निघायच्या, कन्ना चौकात नऊ नंबरची बस पकडायच्या, विजापूर नाक्याला उतरून उरलेलं अंतर पायी यायच्या. त्या वाटेवर त्यांचा दिवसाचा पहिला तास जुळायचा. कुणाच्या दाराला कुलूप आहे, कुणाची म्हातारी आज कट्ट्यावर दिसली नाही, बसमध्ये कुणाच्या मुलीचं ठरलं, सगळं कळायचं. शाळेत पोचेपर्यंत धडा मनात तयार असायचा. गाडीतून येणारे त्यांचे सहकारी मात्र पहिला तास जांभया देत काढायचे.

चालपट्टीमागचं शास्त्र तसं सोपं होतं. आपण चालतो तेव्हा मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू नुसतं आपल्याला पुढे ढकलत नाहीत, रक्तात निरोपही सोडतात. त्या निरोपांचे रेणू यकृताला सांगतात की साखर आवर, रक्तवाहिन्यांना सांगतात की सैल हो, मेंदूला सांगतात की आज नीट झोप. चन्नवीरनं हे रेणू एकेक करून ओळखले, प्रयोगशाळेत बनवले आणि पट्टीच्या पोटाशी केसाहून बारीक सुयांमध्ये भरले. चालताना ज्या लयीत ते रक्तात उतरतात त्याच लयीत पट्टी ते सोडत राही. माणूस खुर्चीत बसून वरणभात खात असला तरी शरीराची समजूत अशी की गडी लांबची फेरी मारून आलाय. पट्टीवर बारीक हिरवे आकडे उमटत, तेवढी पावलं तुमच्या नावावर जमा.

हे त्यानं काही नाव कमवायला केलं नव्हतं. त्यांची आई, अव्वा, गुडघ्यांनी अंथरुणाला खिळली होती. साखर वाढत गेली, पायाची जखम बरी होईना, आणि डॉक्टर येईल तो म्हणायचा की थोडं चालवा यांना. चन्नवीरला त्या वाक्याचा इतका संताप यायचा की त्यानं आयुष्याची पंधरा वर्षं त्यावर लावली. पट्टी बाजारात यायच्या आधीच अव्वा गेली.

मग जे व्हायचं ते झालं. चालणं हे औषध होतं, आता औषध दंडावर मिळतंय, तर चालायचं कशाला? बिनड्रायव्हरच्या गाड्या दारापर्यंत यायला लागल्याच होत्या. लोकांनी सायकली भंगारात घातल्या. ज्यांच्या दोन्ही पायांत चांगला जोर होता तेसुद्धा कोपऱ्यावरचं दूध आणायला गाडी बोलवायला लागले. नगरगती मंडळ नावाची नवी यंत्रणा शहराचे रस्ते बघत होती. तिनं एकेक फूटपाथ उखडून गाड्यांना दिला, एकेक बस बंद केली. उरली ती नऊ नंबर, आणि तिच्या कडेचा फूटपाथ. आता मंडळानं नवा ठराव आणला होता: मुख्य रस्ते पादचारीमुक्त करायचे, शेवटची बस बंद करायची. एक माणूस रस्त्यावर आला की मागच्या सगळ्या गाड्यांना वेग कमी करावा लागतो, हे कारण. हरकत असेल त्यानं सुनावणीला स्वतः हजर राहावं.

म्हणजे बाईंचा शाळेचा रस्ताच जाणार होता. गाडीत बसा, नाहीतर घरी बसा.

रविवारी चन्नवीर जेवायला आला. पट्टी बनवणाऱ्या कंपनीत तो बंगळुरूला नोकरीला होता आणि तिथून मंडळाच्या सुनावणीसाठीच आला होता, तज्ज्ञ म्हणून. महानंदानं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. तो पोटभर जेवला आणि मग ज्या कामासाठी आला होता ते बोलला.

"अक्का, लोक मला हसालेत. जगभर माझी पट्टी चाललीय आणि माझ्या बहिणीच्या दंडावर नाही."

"तू काय सांगणार आहेस तिथं?"

"खरं तेच. की आरोग्यासाठी माणसानं चालण्याची आता गरज उरलेली नाही."

"माझा रस्ता काढून घ्यायला माझाच भाऊ आलाय म्हण की."

"रस्त्याचं मंडळ बघेल. मी फक्त शास्त्र सांगतो." तो मऊ झाला. "तू साठीला आलीस. उन्हात चालालीस. कुठं पडलीबिडलीस तर?"

"पडले तर उचलणारी माणसं आहेत त्या रस्त्यावर. गाडीत पडले तर कोण बघणार आहे?"

इतक्यात तळमजल्यावरचे नरसय्या आले. चन्नवीर आलाय हे कळल्यावर त्यांना राहवेना. ते जुने विणकर, पट्टीच्या पहिल्या चाचणीतले. चन्नवीरनं चाचणीसाठी माणसं हट्टानं आपल्याच पेठेतून घेतली होती. पहिला लाभ आपल्या गल्लीला, असा त्याचा प्रेमळ विचार. नरसय्या दारात कठडा धरून बराच वेळ दम खात उभे राहिले. दोन जिने चढून आले होते.

"काय नरसय्या काका, पट्टी काढली की काय?" चन्नवीरनं विचारलं.

"छे, आहे की." त्यांनी बाही वर केली. आकडे हिरवेगार होते. "सकाळपासून हिच्यात सहा हजार झाले बघ. पण जिना चढवत नाही बे, चन्नू. आधी भारी वाटायचं. तू चाचणी केलास तेव्हा तर पोरासारखा पळायचो."

"वय झालं, काका."

"तीन वर्षांत एवढं होतं होय?"

नरसय्या चटणीची पुडी घेऊन हळूहळू खाली गेले. मग विषय बदलावा म्हणून चन्नवीरनं एक गंमत सांगितली, आणि इथंच सगळं फिरलं.

"त्या चाचणीची एक मजा सांगू? तीनशे माणसांना आम्ही हालचाल मोजणारे पट्टे दिले होते मनगटाला. ताकीदच होती, चालायचं नाही, गाडी पाठवू तिच्यातनंच जायचं. दहा महिन्यांत कुणी ना कुणी रात्री उठतं, पाणी पितं, येरझाऱ्या घालतं. पण एक रात्र अशी होती की तीनशेच्या तीनशे माणसं ढिम्म हलली नाहीत. आमची आकडेवारीवाली बाई इतकी खूश झाली. म्हणाली, तुमचं गाव किती शांत झोपतं."

महानंदा भाकरी मोडता मोडता थांबली. "कधी?"

"ऑक्टोबरातली कुठलीतरी रात्र. पौर्णिमा होती, तिनं आलेखावर चंद्र काढला होता."

महानंदा हसायला लागली. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"काय झालं? का हसालीस?"

"चन्नू, तू सोलापूरचाच ना रे? कोजागिरीला सोलापूर झोपतं?"

चन्नवीर बोटांवर महिने मोजायला लागला.

कोजागिरीच्या रात्री हे शहर झोपत नाही. रूपाभवानीच्या देवळापाशी जमायचं आणि तुळजापूरच्या वाटेला लागायचं, रात्रभर, पुष्कळसे अनवाणी, अंबाबाईचा उदो करत. शेजारच्या कर्नाटकातून लोक येऊन त्यांना मिळतात. साखर पेठेत तर न जाणारं घर सापडणार नाही. चन्नवीर स्वतः लहानपणी अक्काचं बोट धरून गेला होता आणि शेवटचा टप्पा तिच्या पाठुंगळी.

"मी होते की त्या वर्षी," महानंदा म्हणाली. "सगळी पेठ होती. नरसय्या माझ्या पुढं चालत होते, पट्टी दंडावर. मनगटं मोकळी. तुझे ते पट्टे सगळ्यांनी घरी देवळीत, खुंटीला लावून ठेवले होते."

"पण सांगितलं नाही कुणी! ताकीद दिली होती!"

"चालू नका म्हणून सांगितलं होतंस. देवीला जाणं हे चालणं कुठं झालं? आणि बोललेला नवस काय कंपनीला कळवायचा असतो?"

चन्नवीरनं ताट बाजूला सारलं. त्याच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला होता आणि त्याला तो आवरता येत नव्हता. बहिणीला नव्हे, स्वतःलाच सांगावं तसा तो बोलायला लागला. रक्तातून निरोप येतो हे खरं. पण निरोप घ्यायला रक्तवाहिन्यांच्या आतल्या अंगाला दारं उघडी असावी लागतात, आणि ती सगळ्यांची असतातच असं आम्ही धरून चाललो होतो. समजा, ती टाचेच्या धक्क्यानं उघडत असतील? पाऊल जमिनीवर आपटतं, धक्का हाडातून वर जातो, आणि शरीराला कळतं की हे माणूस वापरात आहे, दारं उघडी ठेवा. एक अख्खी रात्र अनवाणी डांबरावर म्हणजे असे धक्के किती! दारं सताड उघडली असतील. वर्षभर उघडी राहिली असतील. ज्यांना तुलनेसाठी बिनऔषधाची खोटी पट्टी दिली होती त्यांची दारंही उघडली, पण त्यांना निरोपच आला नाही. म्हणून फरक एवढा मोठा दिसला.

"आणि आता दोन वर्षं तुळजापूरचा रस्ता गाड्यांना राखून दिलाय," महानंदा म्हणाली. "कोण जातंय चालत?"

"मग दारं मिटत असणार. पट्टी बाहेर उभी राहून हाका मारतेय." तो एकदम थांबला. "हा नुसता अंदाज आहे, अक्का. पुरावा नाही."

"मग पुरावा येईपर्यंत गप्प बस की. उद्या तिथं जाऊन चालायची गरज नाही म्हणून सांगू नकोस."

"तुला कळत नाही. अर्ध्या जगानं घेतलीय ती. एका कोजागिरीवरून मी सगळं मोडीत काढू? आणि ज्यांना चालताच येत नाही त्यांचं काय? अव्वाचं काय झालं असतं?"

तो आवाज चढवून बोलला आणि त्याचे डोळे भरून आले. महानंदालाही भरून आलं, पण ती मागं हटली नाही.

"अव्वासाठी केलास ना? मग अव्वासारख्यांसाठी नीट कर. तो धक्का त्यांना कसा देता येईल ते शोध. पण ज्यांना चालता येतं त्यांचा रस्ता कशाला काढून घेतलास? अव्वाला रस्ता मिळाला असता तर ती नाचत गेली असती."

चन्नवीर उठला. खाली गाडी येऊन उभीच होती.

नगरगती मंडळाची नवी इमारत शहराबाहेर माळावर होती. तिथवर बस नव्हती, फूटपाथ नव्हता, सावलीला झाड नव्हतं. चालणाऱ्यांनी हरकत घ्यायची ती जागा मंडळानं अशी निवडली होती की गाडीशिवाय तिथं पोचताच येऊ नये. मुद्दाम केलं असेल असं नाही. इमारत बांधणाऱ्यांच्या डोक्यातच पायी येणारा माणूस आला नसेल, आणि ते जास्त वाईट.

महानंदानं नऊ नंबर पकडली, शेवटच्या थांब्याला उतरली, छत्री उघडली आणि सरळ रस्त्याच्या मधोमध चालायला लागली. कडेला जागा असती तर ती कडेनं गेली असती. दोन्ही बाजूंना भिंती होत्या.

मागून आलेली पहिली गाडी वेग कमी करत तिच्या मागं अदबीनं सरकायला लागली. या गाड्यांच्या यंत्रात एक नियम सगळ्यात खोल कोरलेला असतो: माणूस दिसला की त्याला धक्का लागता कामा नये, खेटून पुढं जायचं नाही. रस्त्यावर माणूसच नाही म्हटल्यावर हा नियम असून नसल्यासारखा झाला होता. आता तो जागा झाला. दुसरी गाडी आली, तिसरी आली, मग मोजायची सोय राहिली नाही. माळावरून लांबच लांब, आवाज न करणारी रांग एका बाईच्या छत्रीमागं चालली होती.

काचा खाली झाल्या.

"ओ बाई, बाजूला व्हा की."

"बाजू कुठाय? दाखवा, होते."

"आम्हाला सुनावणीला जायचंय."

"मला पण."

एक माणूस शिव्या देत उतरला, दहा पावलं तावातावानं आला आणि धापा टाकत परत जाऊन गाडीत बसला. एक तरुण मुलगी मात्र उतरली आणि महानंदाच्या बरोबरीनं चालायला लागली. मग एक जोडपं उतरलं. रांगेत अडकून बसण्यापेक्षा चाललेलं काय वाईट, असा साधा हिशेब त्यांनी केला असणार.

"अक्का!"

महानंदानं वळून पाहिलं. रांगेतल्या कुठल्याशा गाडीतून उतरून चन्नवीर येत होता. सूट घातलेला, बूट चकाकणारे. तो घाईनं चालत होता आणि त्याची चाल बघून ती जागच्या जागी थांबली. पाय कुणा दुसऱ्याचे उसने आणल्यासारखे पडत होते. तिच्यापर्यंत पोचता पोचता तो वाकला, गुडघ्यांवर हात टेकले आणि तसाच राहिला. चेहरा पांढरा पडला होता.

"बस खाली. बस बघू आधी."

तो रस्त्यातच बसला. तिनं छत्री त्याच्यावर धरली, बाटलीतलं पाणी पाजलं. मागं सगळी रांग थांबली. पंचेचाळिशीचा माणूस, तीन वर्षं स्वतःची पट्टी एक दिवस न चुकता लावणारा. त्यानं कोट काढला, बाही वर केली आणि दंडाकडे बघितलं.

"बारा हजार दाखवतेय," तो म्हणाला. "आजचे. अक्का, मी गाडीपासनं इथवर आलो फक्त."

"मला दिसलं."

"ही शरीरानं काय घेतलं ते मोजत नाही. हिनं काय सोडलं ते मोजते. मीच तशी बनवलीय." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते त्यानं पुसलं नाही. "नरसय्या काका सांगत होते आणि मी म्हटलं वय झालं."

"गाडीत बसतोस परत?"

त्यानं रांगेतल्या आपल्या गाडीकडे पाहिलं. मग त्यानं हात पुढं केला. तिनं ओढून त्याला उभं केलं.

"किती लांब आहे?"

"ती काय, दिसतेय की. पाठुंगळी घेणार नाही आता. दमलास की थांबू."

ते थांबत थांबत पोचले. त्यांच्यामागं सगळं शहर थांबत थांबत पोचलं.

सभागृहात मंडळाचे अध्यक्ष वैतागून बसले होते. सगळ्यांच्याच गाड्या अडकल्यामुळे सुनावणी उशिरा सुरू झाली होती. त्यांनी आधी महानंदाची हरकत ऐकली. ती फार बोलली नाही. म्हणाली, "मी त्या रस्त्यानं शाळेत जाते. मला तो रस्ता पाहिजे. तुम्हाला गाडी पाहिजे तर ठेवा, माझे पाय मला राहू द्या." मग खाली बसली.

"डॉक्टर बिराजदार," अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही एका वाक्यात सांगा म्हणजे विषय संपेल. चालपट्टी असताना निरोगी राहण्यासाठी माणसाला चालण्याची गरज आहे का?"

चन्नवीर उठला. पहिल्या रांगेत कंपनीची माणसं बसली होती, त्यांनी त्याच्याकडे बघून मान हलवली. त्यानं दंडावरची पट्टी सोलून काढली आणि अध्यक्षांसमोरच्या चकचकीत टेबलावर चिकटवली.

"जरा बघत बसा," तो म्हणाला.

सगळे वाकून बघायला लागले. पट्टी आपल्या लयीत औषध सोडत होती, लाकडावर ओलसर डाग पडत होता, आणि हिरवे आकडे एकेक करून पुढं सरकत होते.

"हे काय करताय?"

"साहेब, तुमचं टेबल चालालंय. रात्रीपर्यंत तुळजापूरला पोचेल."

कुणीतरी मागं खुदकन हसलं. चन्नवीर हसला नाही. त्यानं तीनशे माणसांची, खुंटीला लटकलेल्या मनगटी पट्ट्यांची, कोजागिरीला झोपलेल्या सोलापूरची सगळी हकिगत सांगितली. चूक माझी आहे, म्हणाला. चाचणी पुन्हा करावी लागेल, तोवर माझ्या शास्त्राच्या नावावर एकाही माणसाचा रस्ता काढू नका. कंपनीची माणसं मध्येच उठून फोन लावत बाहेर गेली. त्याची नोकरी तिथंच गेली असणार, हे त्यालाही कळलं होतं.

अध्यक्षांनी ठराव पुढं ढकलला. रद्द केला नाही, पुढं ढकलला. नऊ नंबर तूर्त चालू राहील, म्हणाले, आणि पट्टी सोलायला शिपायाला बोलावलं.

बाहेर ऊन उतरलं होतं. चन्नवीरची गाडी दारात येऊन दार उघडून उभी होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

"अक्का, बसथांबा किती लांब?"

"आलास तेवढाच. उतार आहे म्हण मनात."

दोघं निघाले. ती तरुण मुलगी आली, ते जोडपं आलं, आणखी चारदोन माणसं आली. थोडं पुढं गेल्यावर मागं गाडीची चाहूल लागली. पहिल्याच गाडीत अध्यक्ष बसले होते. काच खाली झाली.

"बाई, झालं ना तुमच्या मनासारखं? आता तरी वाट द्या."

"अजून फूटपाथ कुठं दिलाय तुम्ही?" महानंदा म्हणाली, आणि भावाचं बोट धरून रस्त्याच्या मधोमध चालत राहिली.